मयतीच्या गाथा, लग्नाच्या गाथा

२७ नोव्हेंबर २०२२, रविवार

मी बरोबरच म्हटलं! स्वतःच्या कानांनी ऐकलं ना मी!

शेषरावच्या पोरीचं, भावनाचं लग्न होतं आज. त्रिशरण झालं, पंचशील झालं, नवरानवरीच्या प्रतिज्ञा झाल्या, मग लग्नाच्या गाथा सुरू केल्या. डोळे मिटून म्हणतो मी, जुनी सवय. संपवून उघडले तर मांडवात कोणीच फुलं टाकलेली नव्हती. पाकळ्या मुठीतच. पुढच्या रांगेतले म्हातारे हात जोडून, मान खाली घालून उभे — लग्नात कोणी असं उभं राहत नाही. भावना माझ्याकडे टक लावून बघत होती. शेषराव पुढे आला, खांद्यावर हात ठेवला. ‘भाऊ, पाणी प्या जरा.’

मला वाटलं दम लागलेला दिसला त्याला. बसलो, पाणी प्यालो. तेवढ्यात केशवराव उठले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लग्नाच्या गाथा म्हटल्या. मला रागच आला. एकदा म्हटलेल्या पुन्हा कशाला? मग फुलं पडली, टाळ्या झाल्या, जेवणं झाली. पाटवडी चांगली होती म्हणत होते सगळे. मला काय, चव लागतच नाही.

ऑटोत पौर्णिमा, माझी बायको, बाहेरच बघत होती. घरी आल्यावर, चप्पल काढता काढता म्हणाली, ‘तुमी मयतीच्या म्हणून राहिले होते.’

‘काय?’

‘मयतीच्या गाथा. सुरुवातीपासून. मी खुणा केल्या, पण तुमचे डोळे मिटलेले.’

एकोणीस वर्षं झाली मला बौद्धाचार्य होऊन. बारसं, लग्न, मयत — तिन्ही याच तोंडानं. मला कळणार नाही? तिच्याच ऐकण्यात चूक झाली असणार.


२८ नोव्हेंबर, सोमवार

केशवरावांकडे गेलो. माझे गुरू. आमच्या फ्रेजरपुऱ्यातल्या अर्ध्या लोकांची लग्नं त्यांनी लावलेली, उरलेल्या अर्ध्यांची मी. त्यांच्यापुढे खोटं चालत नाही, त्यांच्याकडून खोटं येतही नाही.

म्हणाले, ‘नागसेन, पूर्ण म्हटलं तू. चांगल्या आवाजात म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. फक्त ते मयतीचं होतं.’

चुकलो त्याचं एवढं नाही. माणूस चुकतो. पण माझ्या कानांना लग्नाच्याच ऐकू आल्या! हे काय आहे?


३ डिसेंबर, शनिवार

ऑफिसला दांडी. अंग म्हणजे ओली गोधडी, उचलतच नाही.

कोविड होऊन दीड वर्ष उलटलं. लोक विसरले. मास्क कपाटात कुठे कोंबले तेही आठवत नाही कोणाला. आणि मी अजून जिना चढताना मध्ये थांबून मोबाईल पाहिल्यासारखं करतो, म्हणजे खालचा माणूस विचारणार नाही. छाती धडधडते. साधे शब्द हरवतात. परवा पौर्णिमाला म्हणालो, ते आण ते, ज्यानं कुलूप उघडतात! आणि कानात बुडबुडे. ऑक्सिजनच्या नळीला ती पाण्याची बाटली असते ना, त्यात जसे उठायचे तसेच. टाकी भरली असं वाटून पंप बंद करायला उठतो आणि पंप सुरूच नसतो.

मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाड्या पुकारणं हे माझं काम. ‘अकोला गाडी फलाटाला लागली आहे’ — माझा आवाज ओळखतात लोक, भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली विचारते, कोणती गाडी आली म्हणून. उन्हाळ्यात एकदा म्हणे मी अकोल्याची गाडी चिखलदरा म्हणून पुकारली. दोनदा. सुट्टीवर निघालेलं एक कुटुंब पिशव्या घेऊन चढून बसलं. मी म्हणत होतो, मी अकोलाच म्हटलं! साहेब चांगले, हसून म्हणाले, काही दिवस माईकला आराम द्या. तेव्हापासून मागच्या खोलीत फेऱ्यांचे कागद लावतो. मीही हसलो होतो तेव्हा.

आता हसू येत नाही.


६ डिसेंबर, मंगळवार

विहारात गेलो. मागे उभा राहिलो. तोंड उघडलं नाही.


११ डिसेंबर, रविवार

डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या, पायलच्या वयाची. सगळं नीट ऐकलं तिनं, मधे तोडलं नाही, एवढ्याचंच मला बरं वाटलं. मेंदूचा फोटो वर धरून म्हणाली, ‘काका, एकदम स्वच्छ आहे.’

‘मग घाण कुठे आहे?’

हसली. म्हणाली, कोविडनंतर असं बऱ्याच लोकांना होतं. थकवा, विसर, एका शब्दाच्या जागी दुसरा. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून खोटं नाही. पूर्ण अभ्यास अजून कोणाचाच नाही. आराम करा, एका वेळी एकच काम करा, ताण घेऊ नका. सावकाश कमी होतं बहुतेकांचं.

‘आणि ज्यांचं होत नाही?’

यावर तिनं खाली बघून गोळ्या लिहिल्या. प्रामाणिक पोरगी आहे.


१४ डिसेंबर, बुधवार

आज लिहूनच टाकतो. पौर्णिमाला अर्धवट माहीत आहे, पायलला तर काहीच नाही.

एप्रिल २०२१. त्या महिन्यात रोज मयत. घरचे लोक स्मशानात येऊ शकत नव्हते, मग मी लांब उभा राहून म्हणायचो, नाहीतर फोनवर. एक फोन ठेवला की दुसरा. मग मीच पडलो.

वॉर्डात माझ्या शेजारी नत्थुजी. नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी, कपाळावर बुक्का लावणारा माणूस, पाच एकर काळी जमीन, बोलायला मोकळे. दोन दिवसांत दोस्ती झाली. तिसऱ्या दिवशी त्यांना श्वास पुरेना. मास्क बाजूला सारून म्हणाले, ‘नागसेनभाऊ, आमच्याकडचं तं कोणी आत येऊ शकत नाही. तुमच्यात माणूस गेल्यावर काही म्हणता न तुमी? तेच म्हणा.’

‘बाप्पा, तुमी जिते आहात!’

‘मंग? मेल्यावर मले काय ऐकू येनार हाय?’

म्हटलं. मला दम कुठे होता, पण म्हटलं. मास्कच्या आतून, दोन शब्द आणि एक श्वास, दोन शब्द आणि एक श्वास. ते डोळे मिटून ऐकत होते. ‘चांगलं वाटते,’ म्हणाले, ‘थांबू नका.’ मी थांबलो नाही. सकाळी चादर ओढलेली होती.

मग पलीकडच्या बाईंनी सिस्टरकडून निरोप पाठवला. मग त्यापलीकडच्यांनी. मुसलमान होते, हिंदू होते, आमचेही होते. सिस्टर येऊन म्हणायची, ‘काका, खिडकीजवळच्या आजोबांसाठी म्हणता का थोडं?’ मी म्हणायचो. आणि ते जायचे. आजारानं जायचे, मला माहीत आहे. मी म्हटलं म्हणून नव्हे. पण मी म्हणायचो, आणि ते जायचे.

बुडबुड्यांच्या तालावर म्हणायचो मी. दुसरा ताल नव्हताच तिथे.


१५ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.


२१ डिसेंबर, बुधवार

शेषराव आला होता. भावनाचे आजेसासरे गेले, तेल्हाऱ्याला. ऐंशीच्या पुढचे, दोन वर्षं अंथरुणावर. लग्नाला खाटेवरूनच आशीर्वाद दिला होता त्यांनी.

‘वय झालं होतं,’ शेषराव म्हणाला.

‘हो, वय झालं होतं,’ मी म्हणालो.

‘आजारीच होते.’

‘आजारीच होते.’

चहा प्याला आणि गेला. किती वेळा सांगितलं आम्ही एकमेकांना, की वय झालं होतं!

मी लोकांच्या दारावरच्या लिंबू-मिरच्या तोडलेला माणूस. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या मेव्हण्याला भर रस्त्यात भाषण दिलं होतं. शकुन-अपशकुन आमच्यात कोणी मानत नाही. मानत नाही म्हणूनच तर कोणी बोलत नाही! बोलले असते तर भांडलो असतो मी. आता भांडू कोणाशी?


२५ डिसेंबर, रविवार

पायल आली अकोल्याहून. तिथे कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे ती. येताना संत्री आणली, बडनेऱ्याला गाडी थांबते तिथून घेतली म्हणे, महाग दिली. आईसारखीच, घरात पाय ठेवल्या ठेवल्या भाव सांगणार.

तिचं लग्न बारा फेब्रुवारीला पक्कं. अकोल्यातच, हॉल मिळाला. ललित चांगला मुलगा आहे. कमी बोलतो, पण बोलतो ते ऐकावंसं वाटतं.

जेवताना मी म्हणालो, लग्न केशवरावांनी लावावं. ते ज्येष्ठ आहेत.

पोरीनं घास खाली ठेवला. ‘काहून?’

‘मी बाप आहे. कन्येच्या लग्नात बापाला शंभर कामं.’

‘बाबा, लहानपणापासून तुमी दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावून राहिले आन मी खाली सतरंजीवर बसून ऐकून राहिली. माझं तुमीच लावसान. नाहीतर मी कोर्टात सही करून येतो.’

‘तुला माहीत आहे भावनाच्या लग्नात—’

‘मले सगळं माहीत आहे.’

आईनं सांगितलं असणार. मी ताटात बघत राहिलो. मला हवंच आहे. खरं सांगतो, आयुष्यात काहीच एवढं हवं नव्हतं, जेवढं हे हवं आहे. माझ्या एकुलत्या एका पोरीच्या डोक्यावर माझ्या आवाजात फुलं पडावीत. आणि तिच्यासमोर उभा राहून मी नत्थुजींना म्हटलं ते म्हणालो तर?


४ जानेवारी २०२३, बुधवार

मागच्या गल्लीत बारसं. माझ्या घरावरून गेले केशवरावांना बोलवायला. नमस्कार केला जाता जाता.


९ जानेवारी, सोमवार

व्याह्यांचा फोन. बोलायला गोड माणूस. आधी तब्येत विचारली, मग थंडी, मग तुरीचं पीक. मग, ‘नागसेनजी, आमच्या घरच्या बाया जराशा जुन्या विचाराच्या आहेत. मी मानत नाही. पण तुमाले त्रास होते म्हणून आयकलं. तं आमच्या इकडचे बौद्धाचार्य—’

मी म्हणालो, मी पायलशी बोलतो.

बोललो. फोनवर एवढी ओरडली की पौर्णिमा स्वयंपाकघरातून बाहेर आली. शेवटी ललितनं फोन घेतला. ‘बाबा, घरी मी पाहून घेतो. तुमी फक्त तयारी करा.’ बाबा म्हणाला मला. पहिल्यांदा.

तयारी! ज्या गोष्टी झोपेत म्हणायचो त्यांची तयारी.


१५ जानेवारी, रविवार

आजपासून तालीम. पौर्णिमा स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसते. मी समोर पाटावर. लग्नाच्या गाथा म्हणायच्या. मयतीकडे वळलो की तिनं ताटलीवर पळी मारायची. तिनंच शोधून काढलं हे. म्हणाली, तोंडानं अडवलं तर तुमी भांडता.

पहिल्या ओळीला खण्ण.

दुसऱ्यांदा, दुसऱ्या ओळीला खण्ण.

‘आत्ता कुठे चुकलो?’

‘चुकले.’

‘नाही चुकलो!’

‘मी काहून खोटं बोलीन? मले काय मजा येऊन राहिली?’

दोघंही रडकुंडीला आलो. मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सारून चहा केला.


१८ जानेवारी

पुस्तक समोर धरून पाहिलं. डोळे अक्षरांवरून बरोबर चालतात. बोट ठेवून पाहिलं, बोटही बरोबर चालतं. खण्ण. तोंड आपलं दुसरीकडेच जातं. हे तोंड कोणाचं आहे?


२२ जानेवारी, रविवार

आज वाईट. तालीम करताना कानातले बुडबुडे वाढले आणि पौर्णिमाकडे बघता बघता एकदम वाटलं, आपण हे तिच्यासाठी म्हणतोय. ती खिडकीजवळ बसलेली, अंगावर पांढरी शाल.  उठून तिच्या नाकाशी बोट धरलं!

‘काय करून राहिले?’

‘काही नाही.’

‘मी जिती आहो,’ म्हणाली. तिला कळलं होतं. हात धरून ठेवला माझा बराच वेळ. मला भीती वाटते हे मी तिला आज सांगितलं. स्वतःच्या तोंडाची भीती वाटते. ज्याच्यासमोर उघडेन तो मरेल अशी. माझं सगळं आयुष्य असल्या भीतीची टिंगल करण्यात गेलं, आणि आता तीच उरावर येऊन बसली आहे, हेही सांगितलं.

म्हणाली, ‘वॉर्डातलं सांगा मले. पूर्ण.’

सांगितलं. नत्थुजींचं, खिडकीजवळच्या आजोबांचं, सगळ्यांचं. ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘किती जणांले सोबत केली हो तुमी.’

असं कोणी म्हटलं नव्हतं मला. मी स्वतःही नाही.


२३ जानेवारी

झोप लागली. बुडबुडे होते, पण लांब.


२९ जानेवारी, रविवार

आज पळी एकदाच वाजली! अगदी शेवटाकडे. बाकी सगळं बरोबर!

पुन्हा म्हटलं. वाजलीच नाही.

पौर्णिमा उठून मोरीकडे गेली, तोंड धुऊन आली. डोळे लाल. तिलाही भरून आलं असणार. कोणाला नाही येणार!


२ फेब्रुवारी, गुरुवार

पळी वाजली नाही.


४ फेब्रुवारी, शनिवार

नाही वाजली. मी तिला म्हटलं, तू लक्ष देऊन ऐकतेस ना? रागावली. ‘कान फुटले काय माहे?’

डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. त्याही खूश. म्हणाल्या, मन हलकं झालं की फरक पडतो, पण दगदग नको. आता काय दगदग! पत्रिका वाटून आलो पायी, राजकमल चौकापर्यंत. येताना ऑटो केला, पण जाताना पायी.


६ फेब्रुवारी, सोमवार

मायलेकींचं फोनवर कुजबुजणं वाढलं आहे. मी खोलीत आलो की पौर्णिमा ‘बरं, ठेवते’ म्हणते. साड्यांचं असेल. लग्नघरात बापाला कोण विचारतं.

केशवराव येऊन गेले. त्यांनाही म्हणून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी.  मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, ‘लाव तू पोरीचं लग्न. मी पुढच्या रांगेत बसतो.’

गुरूनं होकार दिला. आता कोणाचा बाप अडवत नाही मला!


११ फेब्रुवारी, शनिवार. अकोला

हॉल पाहून आलो. मंच छान. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मागे निळा पडदा. पायलनं साऊंडवाल्याला दोन माईक लावायला सांगितले आहेत, एक माझा, एक आईचा. म्हणाली, ‘माझ्या लग्नात आईनंही म्हणायचं तुमच्यासोबत. बाबाचा आवाज पायजे, तसा आईचा बी पायजे.’ पौर्णिमाला माईक म्हटलं की घाम फुटतो. पण तयार झाली. कमाल आहे!

दम लागतोय जरा. उद्याचा दिवस जाऊ दे, मग काय व्हायचं ते होवो.


१३ फेब्रुवारी, सोमवार

झालं!

झालं, आणि बरोबर झालं! पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. काय लिहू आणि किती लिहू. पाय सुजले आहेत, छाती दुखते आहे, पलंगावर पडूनच लिहितोय, पण आज लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

पायल पांढऱ्या साडीत. ललित पांढऱ्या सदऱ्यात, कानापर्यंत लाजलेला. मेणबत्त्या लावल्या दोघांनी. त्रिशरण, पंचशील व्यवस्थित. प्रतिज्ञा म्हणताना ललित अडखळला, तेव्हा पायलनं हळूच सांगितलं आणि सगळा हॉल हसला. व्याहीही हसले. मग माझी वेळ.

या वेळी डोळे मिटले नाहीत. ठरवूनच ठेवलं होतं. पायलकडे बघत म्हटलं. तीही माझ्याकडेच बघत होती, हात जोडून, पापणी न लवता. पौर्णिमा माझ्या डाव्या हाताला, तिचा माईक तोंडाशी घट्ट. आवाज सुरुवातीला कापला तिचा, मग असा लागला की मीच चकित झालो. इतकी वर्षं ही बाई भाकऱ्या थापत गुणगुणायची, तोच आवाज.

आणि लोक! लग्नात लोक गाथा पुटपुटतात, अर्धे फोटो काढतात, अर्धे जेवणाच्या रांगेकडे बघतात. काल सगळा हॉल म्हणत होता. मोठ्यानं, एका सुरात. केशवराव पुढच्या रांगेत उभे राहून म्हणत होते, या वयात घशाच्या शिरा फुगवून. शेषराव म्हणत होता. भावनाही आली होती नवऱ्याला घेऊन, तीही म्हणत होती. इतकं मोठ्यानं मी कुठल्याच लग्नात ऐकलं नाही. माझा आवाज त्यांच्यात कुठे संपतो आणि त्यांचा कुठे सुरू होतो तेच कळेना. बुडबुडे नव्हते. एकदाही नाही! मला वाटलं छाती भरून श्वास आला, कित्येक महिन्यांनी.

फुलं पडली. बघता बघता पोरीचं डोकं पांढरं-पिवळं झालं. खाली उतरलो तर पायलनं मला असं धरलं की सोडेचना. रडत होती. मी म्हटलं, ‘अगं वेडे, सासर तर अकोल्यातच आहे तुझं, ज्या गावात चार वर्षं राहतेस!’ तरी सोडेना. ‘बाबा, लय सुंदर म्हटलं तुमी,’ एवढंच.

व्याही आले, हात हातात घेऊन म्हणाले, ‘जी, धन्य झालो.’ डोळ्यांत पाणी त्यांच्या. ज्या माणसानं फोन केला होता तोच! मी मनात म्हटलं, आता सांगा तुमच्या घरच्या बायांना.

नत्थुजींची आठवण आली. भीती न वाटता आली. बसा म्हटलं पुढच्या रांगेत.

मोडलेला माणूस नाही मी. बस, एवढंच लिहायचं होतं.


१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पडून आहे. चार दिवस उठवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्याच, दगदग केली की अंग वसूल करणार. करू दे.

मागच्या गल्लीतल्या तात्यांना निरोप पाठवला, नातवाचं लग्न मी लावतो म्हणून. पौर्णिमा म्हणाली, ‘घाई काहून? आधी बरे व्हा.’ म्हटलं, बराच आहे मी.


२६ फेब्रुवारी, रविवार

लग्नाचा व्हिडिओ आला. फोटोवाल्यानं माझ्याच मोबाईलवर पाठवला. पौर्णिमा बाजारात गेली होती.

आवाज पौर्णिमाचा आहे. केशवरावांचा आहे, हॉलचा आहे. माझा नाही. माझ्या माईकवरचा दिवा त्रिशरण-पंचशीलापर्यंत पेटलेला दिसतो, गाथा सुरू व्हायच्या आधी साऊंडवाला पायलकडे बघतो, पायल मान हलवते, आणि दिवा विझतो.

मग कॅमेरा माझ्या चेहऱ्याजवळ येतो. स्वतःचे ओठ मला ओळखू येतात. मी मयतीच्या म्हणतो आहे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हसऱ्या तोंडानं, पोरीच्या डोळ्यांत बघत. आणि ती माझ्यासमोर हात जोडून, स्वतःच्या लग्नाच्या गाथा स्वतः, जिवाच्या आकांतानं म्हणते आहे.

पौर्णिमा आली. पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातला मोबाईल पाहिला. ‘व्हिडिओ आला काय?’

‘नाही,’ म्हणालो. ‘अजून नाही आला.’